कमी दिवसांचं बाळ घरी आल्यावर: मूळ तारखेपर्यंतचे २६ दिवस

तुमचं पत्र दोनदा वाचलं. बीपी वाढल्यामुळे ३१ आठवडे भरताच सिझर, जन्मवजन १३४० ग्रॅम, ३४ दिवस एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात), घरी येताना १७८० ग्रॅम. सांगलीजवळ माहेरी येऊन तीन दिवस झालेत. थंडी पडलीय, आजीने शेगडी काढून ठेवलीय, मालिशवाल्या मावशी सोमवारपासून येणार आहेत. बाळ रात्री कुंथतं, दिवसभर झोपतं, अंगावर पिताना दमतं. दुकानातल्या काट्यावर वजन दोन दिवस हललेलं नाही. बाळाचे बाबा ऑक्सिमीटर मागवू का विचारताहेत. मी मोजले, एकूण अकरा प्रश्न आहेत.

त्या अकरात डोळ्यांचा एकही नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

डिस्चार्ज कार्डाचा फोटो तुम्ही जोडलाय. मागच्या पानावर, औषधांच्या खाली एक ओळ आहे: २९व्या दिवशी आरओपी (कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्याचा आजार) तपासणी, पडदा अपरिपक्व, झोन २, दोन आठवड्यांनी पुन्हा. म्हणजे जन्मापासून ४३वा दिवस. आज ३७वा आहे. सहा दिवस राहिलेत.

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत कडेला पोचतात. बाळ लवकर जन्मलं, ऑक्सिजन लागला, की ती वाढ मध्येच अडखळते आणि पुढे कधीकधी वेडीवाकडी होते. बहुतेक बाळांत ती आपोआप मार्गी लागते. थोड्यांत लागत नाही. तिथे लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन वेळेत दिलं तर नजर वाचते, आणि ‘वेळेत’ म्हणजे निदान झाल्यापासून दोन-तीन दिवसांत. पडदा सुटल्यावर फारसं काही हाती राहत नाही. बाहेरून बाळाचे डोळे अगदी सुंदर, टपोरे दिसतात. आई, आजी, बालरोगतज्ज्ञ, कुणालाही नुसत्या नजरेनं काही कळत नाही. बाहुली औषधाने मोठी करून, पडद्याची तपासणी जाणणाऱ्या नेत्रतज्ज्ञालाच ते दिसतं. आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आतल्या किंवा २ किलोच्या आतल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत पहिल्यांदा व्हायला हवी, फारच लहान बाळांची त्याहूनही आधी. तुमची पहिली झालीय, ते छान. पण ‘पडदा अपरिपक्व’ याचा अर्थ ‘ठीक आहे’ असा नाही. ‘अजून सांगता येत नाही’ असा आहे. आणि झोन म्हणजे रक्तवाहिन्या पडद्यावर कुठवर पोचल्यात ते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतलं सांगते. एक बाळ, ३० आठवड्यांचं, आम्ही मोठ्या कौतुकाने घरी पाठवलं. कार्डावर मी स्वतः शेवटच्या ओळीत ‘नेत्रतपासणी’ एवढंच लिहिलं. कधी, कुठे, कशासाठी, काही नाही. घरच्यांना वाटलं, मोठं झाल्यावर चष्म्याबिष्म्यासाठी असेल. पाचव्या महिन्यात आजी म्हणाली, हे दिव्याकडे बघत नाही. मी टॉर्च लावला तर बाहुलीत पांढरट चमक. पुढे मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, पण नजर आली नाही. चूक माझी होती, त्या माणसांची नव्हे. तेव्हापासून मी ती तारीख कार्डाच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिते आणि आदल्या दिवशी फोन करायला लावते. तुमच्या कार्डावर ती लाल नाही, म्हणून आत्ता उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्हीच करा.

त्याच आठवड्यात, ४२व्या दिवशी, सहा आठवड्यांच्या लसी येतात. लसींना जन्मतारीख लागू होते, वजन नाही. ‘दोन किलोचं होऊ दे, मग टोचू’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, अशा बाळांना डांग्या खोकला आणि न्यूमोनिया जास्त जड जातात. फक्त लस आणि डोळे एकाच दिवशी उरकू नका, बाळ थकतं. डोळ्यांच्या तपासणीआधी तासभर पोट भरून पाजू नका, उलटी होते. पाजायचं दूध मात्र सोबत न्या.

आता मूळ तारखेचं.

सोनोग्राफीच्या कागदावर बाळंतपणाची जी तारीख होती ती आजपासून २६ दिवसांनी आहे. आज तुमचं बाळ ‘सव्वा महिन्याचं’ नाही, ते ३६ आठवडे २ दिवसांचं आहे. ते अजून पोटात असायला हवं होतं. पत्रातले निम्मे प्रश्न एवढ्यानेच सुटतात. ते दिवसभर का झोपतं? पोटातही झोपलंच असतं. अंगावर पिताना का दमतं? पोटात त्याला ओढून प्यावं लागत नव्हतं, नाळेतून आपोआप मिळत होतं. थंड का पडतं? अंगावर चरबीचा थर शेवटच्या दोन महिन्यांत चढतो, ते दोन महिने त्याला मिळालेच नाहीत. तेव्हा या २६ दिवसांत घराने गर्भाशयाचं काम करायचं आहे: ऊब, दूध आणि शांतता. बाकी बहुतेक गोष्टींत मी आजींशी तडजोड करायला तयार आहे.

ऊब आधी, कारण शेगडी निघालीय.

शेगडी, त्यात ओवा, बाळंतशेपा, वर धूप, दारं-खिडक्या बंद. आजींचा हेतू शंभर टक्के बरोबर आहे, बाळ गार पडता कामा नये. पण जेमतेम तयार झालेल्या फुप्फुसांना तो धूर झेपत नाही, आणि बंद खोलीत कोळशाचा वायू बाळ-बाळंतीण दोघांनाही धोक्याचा. शिवाय शेगडीची ऊब एका बाजूने लागते: पाठ भाजते, पाय गारच. त्याऐवजी बाळाला कातडीला कातडी लावून छातीवर घ्या. कांगारू केअर तुम्हाला रुग्णालयात शिकवलीच असेल. ती तिथली गोष्ट होती असं समजून घरी आल्यावर बरेच लोक सोडून देतात. सोडायची नाही. खरी गरज आता आहे.

बाळाला फक्त लंगोट, टोपी, पायमोजे. दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, तोंड एका बाजूला, हनुवटी किंचित वर म्हणजे नाक मोकळं राहतं. जुनं मऊ लुगडं किंवा सुती ओढणी बाळाच्या कानापर्यंत वर घेऊन घट्ट बांधा, वरून तुमचा पुढे बटणांचा गाऊन, त्यावर शाल. एका वेळी निदान एक तास, कारण सारखं काढ-घाल करण्यात मिळवलेली ऊब निघून जाते. दिवसाकाठी आठ तास तरी व्हावेत, जास्त झाले तर आणखी छान. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस ८ ते २४ तासांची आहे. एकट्या आईकडून हे होणार नाही, व्हायलाही नको. बाबांची छाती चालते, आजीची चालते, मावशीची चालते. अट एवढीच की अंग स्वच्छ हवं, सर्दी-खोकला नको, अत्तर नको आणि तंबाखू-बिडीचा वास नको.

‘पेटीत जास्त चांगलं होतं ना हो?’ असं तुमच्या आईने विचारलंय. कांगारू केअरची कल्पनाच मुळी पेट्या, म्हणजे इन्क्युबेटर, कमी पडल्या तिथे जन्मली. १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका पेटीत दोन-तीन बाळं ठेवावी लागत, जंतुसंसर्गाने ती दगावत. डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीवर बांधायला सुरुवात केली. नाइलाजाने सुरू झालेली ही गोष्ट पुढे पेटीपेक्षाही सरस निघाली: २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात १ ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्यापासून लगेच असं छातीवर ठेवल्यावर मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले. पेटी बाळाला ऊब देते. श्वासाची लय, हृदयाचे ठोके, दुधाचा वास ती देत नाही.

आमच्या वॉर्डात एक आजी कोळशाची पिशवीच घेऊन आल्या होत्या. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, आजी, शेगडीच्या जागी तुम्ही बसा. नऊवारीच्या पदराने बाळ त्यांच्या छातीशी बांधलं. बसवताना बाळाच्या काखेत ३६.१ होतं, पन्नास मिनिटांनी ३६.८. थर्मामीटर त्यांना दाखवला. त्या दिवसापासून बाळ छातीवरून कुणी काढू म्हटलं की त्याच ओरडायच्या. तुमच्या आईला हेच काम द्या. आजीला ‘हे करू नका’ म्हटलं की घरात भांडण होतं, ‘हे तुम्ही करा’ म्हटलं की निम्मी कटकट संपते.

डिजिटल थर्मामीटर काखेत धरा. ३६.५ ते ३७.५ सेल्सियस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, ठीक. दिवसातून दोनदा मोजलं तरी पुरे. मधल्या वेळी हाताची पाठ पोटाला आणि तळपायाला लावा. दोन्ही कोमट, छान. पोट कोमट पण पाय गार, म्हणजे बाळ गार पडू लागलंय, छातीवर घ्या. दोन्ही गार असतील तर छातीवर घेऊन तासाभराने पुन्हा मोजा, तरी ३६.५च्या वर येत नसेल तर रुग्णालय. खोली २६ ते २८ अंशांवर राहील असं बघा. तुमच्याकडे पहाटे ती सहज विसाच्या खाली जाईल, तेव्हा रूम हीटर लावायला हरकत नाही, पण बाळापासून दूर आणि वाऱ्याची फट ठेवून. उलटही होतं: चार स्वेटर, दोन दुपटी, वर रजई, आणि मग ‘ताप आलाय’ म्हणून पळत येतात. आधी कपडे कमी करून अर्ध्या तासाने पुन्हा बघा. ३८ अंश, म्हणजे १००.४, किंवा त्याहून वर असेल तर मात्र वाट बघायची नाही.

दुधाचं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तीन गोष्टी एका तालात करायला बाळ ३४व्या आठवड्याच्या आसपास शिकतं. ३६व्या आठवड्यात ताल जमलेला असतो, दम नसतो. दहा-पंधरा मिनिटं ओढतं आणि झोपतं. आईला वाटतं पोट भरलं, ते फक्त दमलेलं असतं. म्हणून आधी अंगावर, जेवढं ओढेल तेवढं. मग काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने (चोचीच्या छोट्या वाटीने). घरात आजीच्या काळचं चांदीचं बोंडलं असेल तर बाहेर काढा, या कामासाठी त्याहून चांगलं साधन मला ठाऊक नाही. धुऊन दहा मिनिटं उकळायचं. बाळाला अर्धवट बसतं धरायचं, बोंडल्याचं टोक ओठांच्या कोपऱ्याशी टेकवायचं, थोडंसं सोडायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. घशात ओतायचं नाही. बाटली नको. बाटलीचं दूध आपोआप येतं, मग बाळ अंगावर ओढायचा कंटाळा करतं, आणि ती स्वच्छ ठेवणंही कठीण.

किती? १७८० ग्रॅमला दिवसाला साधारण २८५ मिलि धरा. दोन तासांनी एकदा म्हणजे बारा वेळा, प्रत्येक वेळी २४ मिलि. अंगावर बरंच प्यालं असेल तर वरचं कमी घेईल, जबरदस्ती नको. वजन वाढेल तसं हे वाढवायचं, ते पुढच्या भेटीत डॉक्टर सांगतील. सध्या भुकेने उठेल याची वाट बघू नका, ते उठणार नाही. गजर लावा, रात्रीसुद्धा. उठवायला दुपटं काढा, लंगोट बदला, तळपाय चोळा. दिवसात सहा-आठ वेळा लघवी होत असेल तर दूध पोचतंय.

‘मला दूध कमी आहे’ असं तुम्ही लिहिलंय आणि पुढच्याच ओळीत चार वेळा दूध काढते असंही. चार पुरत नाही. चोवीस तासांत आठ वेळा स्तन रिकामे व्हायला हवेत, त्यातलं एक मध्यरात्रीनंतर. बाळ छातीवर असताना किंवा तिथून काढल्या काढल्या दूध काढा, धार वेगळी लागते. अळीव, डिंक, मेथीचे लाडू आवडत असतील तर खुशाल खा, पण दूध वाढतं ते रिकामं केल्याने. काढलेलं दूध झाकून ठेवलं तर खोलीत चार तास आणि फ्रिजमध्ये चोवीस तास चालतं, दारातल्या कप्प्यात नव्हे, आत. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं, गॅसवर नाही. कार्डावर दुधात मिसळायची पुडी लिहिलीय, ती फॉर्टिफायर, म्हणजे आईच्या दुधाचं पोषण वाढवणारी पूड. लिहिलंय तितकीच आणि सांगेपर्यंतच घाला, आणि ती संपली म्हणून दुकानातली साधी दुधाची पावडर आईच्या दुधात कालवू नका.

वजनाचं. एक बाबा किराणा दुकानदार होते, रोज सकाळ-संध्याकाळ, पाजण्याआधी आणि नंतर, बाळ काट्यावर. वहीत उधारीच्या पानाशेजारी आकडे. घाबरून आले: ‘मॅडम, सकाळपासून ३५ ग्रॅम घट.’ त्यांचा काटा आमच्या ओपीडीतल्यापेक्षा चोख होता. मध्ये एकदा शी झाली होती, इतकंच. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, उघडं, पाजायच्या आधी. घरी आल्यावर पहिले तीन-चार दिवस वजन थबकतं, जागा बदलली, पाजण्याची पद्धत बदलली. त्यानंतर या वजनाच्या बाळाने रोज सरासरी २५-३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम कमवायला हवेत. सात दिवसांत शंभरच्या आत राहिलं तर दाखवा.

रात्रीचं कुंथणं, आळोखेपिळोखे, लालबुंद होणं, ‘ऊं ऊं’ आवाज. पहिल्या महिन्यातल्या प्रत्येक आईने मला ते मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवलंय. रंग गुलाबी आहे, दूध पितं, पोट मऊ आहे, तर ते तसंच चालू द्या, मूळ तारखेनंतरही काही आठवडे चालेल. ग्राइप वॉटर नको. श्वासही एकसारखा नसतो: भराभर चार-पाच, मग पाच-दहा सेकंद थांबणं, मग पुन्हा सुरू. हे थांबणं चालतं. वीस सेकंद थांबलं, किंवा त्याहून कमी थांबूनही ओठ निळे-काळपट झाले, तर तळपायाला टिचकी मारून जागं करा आणि लगेच निघा. असं पुन्हा होतं का ते घरी बघत बसायचं नाही. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून श्वास मोजा. साठच्या वर आले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही साठच्या वर, किंवा बरगड्यांखाली छाती खोल आत जात असेल, तर दाखवायचंच.

ऑक्सिमीटर घेऊ नका. बोटाला लावायचा मोठ्यांचा चिमटा बाळाच्या पावलावर नीट बसत नाही, आकडा नाचतो, आणि रात्री दोनला ८२ दिसलं की अख्खं घर कपडे घालून अंगणात. बाळाकडे न बघता आकड्याकडे बघायची सवय आम्हा डॉक्टरांनाच इतकी महागात पडते, घरात कशाला? ते पैसे चांगल्या थर्मामीटरला आणि गाडीच्या पेट्रोलला ठेवा.

आता आजींच्या खात्यातली यादी झपाट्याने. मालिश: हो, पण मावशींच्या हातून नाही, निदान आत्ता नाही. उबदार खोलीत खोबरेल हाताला लावून पाच मिनिटं हलक्या हाताने फिरवा. दाबणं, ओढणं, उलटं धरणं, नाक वर काढणं, बाळाच्या छातीतलं ‘दूध’ पिळणं, यातलं काही नाही. टाळूवर थेंबभर तेल लावलंत तर मी भांडणार नाही, टाळू भरून ठेवू नका. नाकात-कानात तेल कधीच नाही. आंघोळ अडीच किलोपर्यंत ओल्या फडक्यानेच, एकेक भाग उघडून पुसून झाकायचा. पायावर घेऊन कढत पाणी ओतण्याचा सोहळा नंतर करा. गुटी नाही. सहाणेवर उगाळलेलं कितीही शुद्ध म्हटलं तरी ती सहाण, ते पाणी आणि ते आतडं मला ठाऊक आहे. अशा बाळांचं आतडं फार नाजूक असतं आणि बिघडलं तर फार वाईट बिघडतं. मध वर्षभर नाही. काजळ डोळ्यात नाही, तीट तळपायाला लावा, दृष्ट रोज काढा, माझी काही हरकत नाही.

झोपताना पाठीवर, सपाट, बाजूला उशा-खेळणी नकोत. मोहरीची उशीही नको. डोकं दोन्ही बाजूंनी चपटं, लांबट दिसतं ते पेटीत कुशीवर झोपून झालंय, काही महिन्यांत भरून येतं. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून झोळी नको, सपाट पाळणा चालेल. एनआयसीयूत पालथं झोपवत होते हे खरं, पण तिथे मॉनिटर आणि सिस्टर डोक्याशी होत्या.

पाहुणे. बारसं राहून गेलं याचं तुमच्या सासूबाईंना वाईट वाटतंय. त्यांना सांगा, बाराव्या दिवसाचं गणित मूळ तारखेपासून धरू. सव्वा महिन्याने घरात बाळ जरा गुटगुटीत असेल, फोटोही चांगले येतील. तोवर बाळाला घेणारी माणसं चार-पाच, प्रत्येकजण अंगठ्या-बांगड्या काढून कोपरापर्यंत साबणाने हात धुणार, मुके कुणी घेणार नाही. शाळेत जाणारी भाचरं दारातून बघतील. खोकणारा माणूस कितीही जवळचा असो, दुसऱ्या खोलीत.

गावातल्या आशाताईंना बाळ आल्याचं कळवा. नोंद सासरी असली तरी त्या येतात. जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८, ४२व्या दिवशी घरी येऊन बघायची ही पद्धत देशभर गेली त्यामागे गडचिरोलीतलं काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. तुमची ४२व्या दिवसाची भेट अजून हातात आहे. त्यांच्याकडचा काटाही वापरा, आणि श्वास कसे मोजायचे ते त्यांच्याकडून एकदा शेजारी बसून शिका.

कधी निघायचं, हे थोडं वर आलंच आहे. त्यात आणखी: लागोपाठ दोन वेळा दूध घेतलं नाही, हातपाय लुळे वाटतात, उठवून उठत नाही, झटके, तळहात-तळपायापर्यंत पिवळेपणा, फुगलेलं टणक पोट, हिरवी उलटी, शीतून रक्त. लोहाच्या थेंबांनी शी काळपट-हिरवी होते, ते रक्त नव्हे. रडताना जांघेत फुगवटा दिसला तर हर्निया असतो, कमी दिवसांच्या मुलग्यांत बऱ्यापैकी दिसतो. दाखवा, आणि तो कडक होऊन आत जात नसेल तर त्याच तासाला. पण मी सगळ्यात जास्त कशावर विश्वास ठेवत असेन तर आईच्या ‘आज हे नेहमीसारखं नाहीये’ या वाक्यावर. थर्मामीटर काही दाखवत नसला तरी या. १०८ बोलवा, मोटारसायकलवर थंडीत बाळ न्यायचं नाही. वाटेतही ते छातीवरच बांधलेलं असू द्या. ज्या एनआयसीयूतून आलात तिथला फोन फ्रिजवर चिकटवा.

औषधं दोनच आहेत आणि दोन्हींत गोंधळ होतो. ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट आणि लोह वजनानुसार किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम. वेगवेगळ्या बाटल्यांत एका मिलित वेगळी मात्रा असते, ड्रॉपरही वेगळे. दुकानदाराने ‘हेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ म्हणून दुसरी बाटली दिली तर किती मिलि द्यायचं ते विचारल्याशिवाय देऊ नका. वजन वाढतं तसं लोहही वाढवायचं असतं. डिस्चार्जच्या दिवशीचेच थेंब सहा महिने देणारी घरं मी दर आठवड्याला बघते.

शेवटचा प्रश्न तुम्ही अर्धवट लिहून खोडलाय: ‘कधी हसेल?’ नणंदेचं बाळ दीड महिन्याचं असताना हसलं होतं. तुमच्या बाळाचं वय पहिली दोन वर्षं मूळ तारखेपासून मोजायचं, फक्त लसी जन्मतारखेने. नऊ आठवडे वजा करा. जन्मापासून चार महिन्यांच्या सुमारास ते तुमच्याकडे बघून ओळखीचं हसेल, मान धरणं, बसणं, सगळं याच हिशोबाने. कानांची बेरा तपासणी (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) मात्र मूळ तारखेपासून तीन महिन्यांच्या आत करून घ्या. एनआयसीयूत राहिलेल्या बाळाला फक्त छोटी ओएई (आतल्या कानापुरती तपासणी) पुरत नाही, आणि तुमच्या कार्डावर फक्त ओएईच दिसतेय.

आणि तुमचं स्वतःचं. बाळ झोपलं की मी त्याच्या छातीकडे बघत बसते, डोळा लागत नाही, रडू येतं, असं लिहिलंय. ३४ दिवस मॉनिटरचा आवाज ऐकल्यावर शांतता भीतिदायक वाटते, हे जवळपास प्रत्येकीला होतं. बाबा शनिवार-रविवार येतात ना? त्या दोन रात्री दहा ते दोन बाळ त्यांच्या छातीवर, काढलेलं दूध बोंडल्याने तेच पाजतील, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपाल. हे औषध म्हणून लिहून देतेय. दोन आठवड्यांनीही झोप, भूक परतली नाही, किंवा केव्हाही बाळाला वा स्वतःला इजा करावीशी वाटली, तर त्याच दिवशी बोला, घरात, डॉक्टरांशी किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर. मराठीत बोलता येतं.

४३व्या दिवशी डोळ्यांची तपासणी झाली की कार्डावर झोन किती, स्टेज (आजार किती पुढे गेलाय) किती आणि पुढची तारीख कोणती लिहिलीय, एवढ्या तीन गोष्टी मला कळवा. वजनाचा आकडा सोबत असला तर लोहाचे थेंब किती करायचे तेही सांगते.